भंडारदऱ्याला कुटुंबासह मुक्काम: आधी पाणी बघा, मग तारीख ठरवा

मुंबई, पुणे, नाशिकच्या आसपास 'लेकसाइड रिसॉर्ट' म्हणून जे काही मिळतं, ते जवळजवळ सगळं धरणाच्या काठावर असतं. पवना घ्या, मुळशी घ्या, पानशेत, वैतरणा, कोयनेच्या फुगवट्यावरचं तापोळा किंवा आपलं भंडारदरा. हे पाणी पर्यटकांसाठी अडवलेलं नाही. ते कुणाच्या उसासाठी, कुणाच्या नळासाठी, कुठे विजेसाठी साठवलेलं आहे आणि गरज पडली की खाली सोडलं जातं. त्यामुळे जाहिरातीत खोलीच्या पायरीला टेकलेलं पाणी मे महिन्यात पार खाली उतरून गेलेलं असतं, मध्ये सगळा भेगाळलेला गाळ. रिसॉर्टवाला खोटं बोललेला नसतो. त्याने फोटो सप्टेंबरमध्ये काढलेला असतो, एवढंच.

म्हणून कुटुंबासह अशा ठिकाणी जायचं तर क्रम उलटा करावा लागतो. सुट्टी कधी मिळते ते बघून रिसॉर्ट शोधण्यापेक्षा पाणी कधी कुठे असतं ते बघून तारीख ठरवायची. पुढचं सगळं भंडारदऱ्याच्या अंगाने लिहिलं आहे, पण पवना-मुळशीला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

तारीख कशी ठरवायची

भंडारदरा म्हणजे प्रवरा नदीवरचं विल्सन धरण. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. साठवण सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट). हे पाणी खाली निळवंडे धरणात उतरतं आणि पुढे कालव्यांनी अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांत जातं. उसाच्या त्या पट्ट्याला पाणी सोडण्याचे जे ठरावीक हप्ते असतात, त्यांना आवर्तन म्हणतात. तुमच्या खोलीतून जलाशय कसा दिसणार, हे या आवर्तनांवर ठरतं.

जून संपता संपता आणि जुलैत इथे पाऊस अक्षरशः कोसळतो. घाटघर-रतनवाडीचा भाग अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा. धबधबे जोरात असतात, पण जलाशय गढूळ आणि बहुतेक वेळ धुक्यात बुडालेला. 'लेक व्ह्यू'चे जास्तीचे पैसे या दिवसांत देऊ नका, तुम्हाला पांढरी भिंत दिसणार आहे. दोन-तीन वर्षांची मुलं बरोबर असतील तर दोन दिवस खोलीत कोंडून बसायची आणि न वाळलेल्या कपड्यांच्या वासाची तयारी ठेवा. मोठ्यांना मात्र हा पाऊस आवडतो, तो भाग वेगळा.

धरण साधारण १५ ऑगस्टच्या सुमारास भरतं, अशी इथली जुनी वहिवाट आहे. आणि नेमक्या त्याच शनिवार-रविवारी सगळी मुंबई आणि नाशिक इथे येते. भरलेलं धरण बघायचं म्हणून त्या जोडसुट्टीला लहान मुलांना घेऊन जाऊ नका. अर्धा दिवस गाडीतच जाईल.

माझ्या मते कुटुंबासाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे गणपती गेल्यापासून दिवाळीपर्यंतचा. पाणी काठोकाठ, पाऊस विरळ, उतारांवर सोनकी आणि तेरडा फुललेला. त्यातही पितृपंधरवड्यात गर्दी कमी होते, कारण बरेच लोक त्या दिवसांत सहलीला निघत नाहीत. तुमच्या घरात त्याची अडचण नसेल तर खोली मिळते, दर उतरलेले असतात आणि स्वयंपाकीही निवांत असतो. एकच अडचण, शाळांच्या सहामाही परीक्षा याच सुमारास येतात. ते वेळापत्रक आधी बघून घ्या.

नोव्हेंबर ते जानेवारी थंडीचा मोसम. पाणी अजून पुरेसं असतं, आकाश स्वच्छ असतं. आजी-आजोबांना रात्रीची थंडी बाधते, म्हणून तंबू न घेता पक्की खोली घ्यावी. फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागतं. मार्च ते मे 'तलावाकाठी' राहण्याची कल्पना सोडून द्या. दुपारी कडक ऊन आणि पाणी दूर. मेच्या शेवटी मात्र काजव्यांचा हंगाम सुरू होतो. त्याचं वेगळं सांगतो.

तारीख ठरवताना धरणात आज किती टक्के साठा आहे ते बघा. पावसाळ्यात नाशिक-नगरच्या वर्तमानपत्रांत हा आकडा जवळपास रोज छापून येतो. त्याहून सोपं म्हणजे रिसॉर्टला फोन करून "आज सकाळी खोलीतून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा" असं सांगायचं. पाठवायला टाळाटाळ झाली की काय ते समजावं.

खोली, तंबू की गावातलं घर

मुक्कामाचं गाव शेंडी. धरणाची भिंत, बाजार, जेवणाची हॉटेलं, एसटीचा थांबा सगळं तिथेच. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं, म्हणजे एमटीडीसीचं निवासस्थान जलाशयाजवळ आहे. खाजगी रिसॉर्ट शेंडीपासून घाटघर-रतनवाडीच्या रस्त्यांवर पसरलेली आहेत. काठावर तंबूंच्या वसाहती आणि मुरशेत, पांजरे, उडदावणे, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद अशा गावांत घरगुती सोय.

दहा वर्षांखालचं मूल किंवा सत्तरीपुढचं माणूस बरोबर असेल तर शेंडीच्या आसपासची पक्की खोली घ्या. रात्री ताप आला, पोट बिघडलं तर औषधाचं दुकान आणि डांबरी रस्ता जवळ हवा. मुलं मोठी असतील आणि घरातली मोठी माणसं गुडघ्यांनी धडधाकट असतील, तर गावातलं घर सगळ्यात उत्तम. जेवण तिथलंच खरं. तंबू दिसतो छान, पण त्यात चार गोष्टी बघाव्या लागतात: संडास किती लांब आहे, तिथे रात्री दिवा असतो का, तंबू पाण्यापासून किती वर आहे आणि रात्री पाऊस आला तर जायचं कुठे. शेवटच्या प्रश्नाला "येत नाही हो पाऊस" असं उत्तर मिळालं तर दुसरीकडे बघा.

बुकिंगच्या आधी फोनवर काय विचारायचं, त्यातलं माझ्या दृष्टीने महत्त्वाचं असं:

पाणी खोलीपासून किती पावलांवर आहे आणि मध्ये काय आहे? कुंपण, रस्ता, शेत की सरळ उतार? जाहिरातीसाठी 'पाण्याला लागून' हे भूषण असतं. चार वर्षांच्या मुलाच्या आईबापांसाठी ती धोक्याची सूचना आहे. मधे कुंपण आणि फाटकाला कडी असलेली जागा मी कधीही आधी निवडेन.

'लेक व्ह्यू' नेमका कुठून? पलंगावरून, सज्जातून की गच्चीवर चढल्यावर?

पायऱ्या किती? इथली बरीच बांधकामं उतारावर आहेत. स्वागतकक्ष वर, खोल्या खाली, जेवणघर पुन्हा वर. आजीला दिवसातून सहा वेळा ही चढउतर झेपेल का, हे घरी बसून ठरवा. कमोड आहे का तेही विचारा.

गरम पाणी कशावर होतं? गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत असेल आणि तिथे खिडकी किंवा झरोका नसेल तर ती खोली घेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस नुसता भोवळ येऊन पडतो. गिझर बाहेर असेल तर हरकत नाही. सौर असेल तर पावसाळ्यात पाणी कोमटच मिळेल हे धरून चाला.

वीज गेल्यावर जनरेटर किती वाजेपर्यंत चालतो? पावसाळ्यात वीज जाते आणि जनरेटर बऱ्याच ठिकाणी रात्री बंद करतात. वाफ घ्यायचं किंवा कुणाचं रात्री नाकाला लावायचं यंत्र असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी.

त्या दिवशी दुसरा मोठा ग्रुप आहे का? कंपनीची चाळीस माणसं आणि त्यांचा डीजे शेजारी असेल तर 'फॅमिली रिसॉर्ट' या शब्दाला अर्थ उरत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने बंदी आहे. ती पाळता का, असं सरळ विचारा. उत्तरापेक्षा समोरच्याच्या स्वरावरून जास्त कळतं.

तरणतलाव असेल तर मुलांसाठी वेगळा उथळ भाग आहे का आणि तिथे लक्ष ठेवायला माणूस असतो का? आणि ड्रायव्हर बरोबर असेल तर त्याची झोपायची, आंघोळीची सोय. हे विचारायचं लोक विसरतात आणि तो बिचारा रात्रभर गाडीत डास मारत बसतो.

दराचं बोलणं करताना 'कर धरून किती' असं विचारा. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. आगाऊ रक्कम पाठवताना नकाशावर दिसलेल्या भलत्याच नंबरवर किंवा कुणी पाठवलेल्या क्यूआरवर पाठवू नका. एमटीडीसीची खोली असेल तर महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. रद्द केल्यास किती परत मिळेल, हे मेसेजवर लेखी घेऊन ठेवा.

रस्ता

मुंबई-ठाण्याहून इगतपुरी, घोटी, मग उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून कसारा घाटाला पर्याय मिळाला आहे. पोट लवकर ढवळणारी मुलं असतील तर टोल भरून या बोगद्याच्या रस्त्याने जाणं परवडतं. दुचाकीला समृद्धीवर परवानगी नाही. नाशिककरांनीही घोटीलाच उतरायचं.

घोटीला मोठी बाजारपेठ आहे. पेट्रोल, औषधं, लहान मुलाचं दूध, डायपर, रोख रक्कम हे सगळं तिथेच उरकून घ्या. पुढे दुकानं आहेत, पण तुम्हाला हवा तो ब्रँड असेलच असं नाही, आणि मोबाइलचं नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं. कुटुंबापैकी दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असलेली बरी.

पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी हा सरळ रस्ता. आळेफाट्याच्या पुढे बोट्याला वळून ब्राह्मणवाडा, कोतूळमार्गे राजूर गाठणारा रस्ता जवळचा पडतो आणि दिसायलाही छान आहे, पण अरुंद. उजेडात जाणार असाल तरच घ्या. पुण्याहून पाच तास धरा आणि सकाळी सहाला निघा, म्हणजे जेवायच्या वेळेला पोचाल. रेल्वेने यायचं तर इगतपुरी सोयीचं. तिथून किंवा घोटीहून एसटी आणि जीप मिळतात, पण सामान आणि लहान मुलं असतील तर रिसॉर्टलाच गाडी पाठवायला सांगा.

अंधार पडायच्या आत शेंडीला पोचायचं, हा नियम पावसाळ्यात मोडू नका. धुक्यात त्या रस्त्यावर समोरची गाय दिसत नाही, वळण तर सोडाच.

पाण्याजवळचे नियम

हा भाग मोठ्याने वाचून मुलांनाही ऐकवा.

धरणाचा काठ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत जात नाही. पाण्याखाली जुनी दरी आहे. दोन पावलं गुडघाभर आणि तिसऱ्या पावलाला माणूस बुडेल इतकं, असं सहज होतं. काठाला खडक, झाडांचे बुंधे, जुन्या बांधांचे दगड असतात. पाणी उतरतं तेव्हा मागे गाळ राहतो. वरून सुकलेला, आत ओला. मूल पळत गेलं की मांडीपर्यंत रुततं आणि त्याला काढायला गेलेलं मोठं माणूसही रुततं. म्हणून पोहणं हा विषयच ठेवू नका. चांगलं पोहता येणारी माणसंही अशाच पाण्यात बुडतात. तलावात शिकलेल्या पोहण्याचा इथल्या गार आणि तळ न दिसणाऱ्या पाण्यात फारसा भरवसा नसतो.

लहान मूल पाण्याच्या जवळ असेल तेव्हा एका मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहायचं. 'आम्ही सगळे बघतोय' याचा अर्थ बहुतेक वेळा कुणीच बघत नाही असा होतो. त्यापेक्षा पाळी लावा: अर्धा तास काका, अर्धा तास आत्या. ज्याची पाळी, त्याचा मोबाइल खिशात. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्यावर-खाली होत ते गप्प बुडतं, आणि त्याला मिनिटसुद्धा पुरतं.

कुणी पडलंच तर उडी मारू नका. आधी काहीतरी फेका: दोरी, ओढणी, साडी, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन. काठी पुढे करा, काठावर पालथं झोपून हात द्या. एकाला वाचवायला दुसरा, त्याला वाचवायला तिसरा अशा बातम्या दर पावसाळ्यात वाचतोच आपण. सामानात पंधरा-वीस मीटर जाड दोरी टाकून ठेवा. कपडे वाळत घालायला उपयोगी पडतेच.

बोटीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट मापाचं हवं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. घातल्यावर खांद्यांना धरून वर उचलून बघा. हनुवटीच्या वर गेलं तर ते ढिलं आहे. मुलांच्या मापाची जॅकेटं नसतील तर मुलांना बोटीत बसवू नका, बोटवाला कितीही 'काही होत नाही' म्हणाला तरी. वारा बहुतेक दुपारनंतर वाढतो, म्हणून बोटीची फेरी सकाळीच करा. हवेच्या ट्यूब आणि फुगणारी बदकं तरणतलावापुरती. जलाशयात वारा ती आत ओढून नेतो आणि मूल त्यांच्या मागे जातं.

धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरू नका. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवतात, पण खळखळाटात तो ऐकू येईलच असं नाही. आत्ता कोरडा दिसणारा खडक अर्ध्या तासात पाण्याखाली असू शकतो.

पाण्याइतकाच दुसरा धोका म्हणजे विस्तव. थंडीत तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी, कोळसे, बार्बेक्यूची जाळी आणून झोपू नका. विझल्यासारखे दिसणारे निखारेसुद्धा रात्रभर विषारी वायू सोडतात. शेकोटी बाहेर, आणि झोपायच्या आधी तिच्यावर पाणी. पावसाळ्यात आणि नंतर काही महिने साप निघतात, त्यामुळे बूट झटकून घालायचे, रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडायचं नाही, जमिनीवर अंथरूण घालायचं नाही. मण्यार झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा खूणही दिसत नाही. दंश झाला तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक यात वेळ न घालवता माणसाला न हलवता शांत आडवं ठेवून १०८ ला फोन करायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. सर्पदंशावरचं औषध (प्रतिविष) जवळ कुठल्या दवाखान्यात असतं, हे पोचल्याबरोबर व्यवस्थापकाला विचारून ठेवा. हा प्रश्न विचारताना लाजायचं काही कारण नाही.

सामान

कपड्यांचं तुम्हाला सांगायला नको. विसरतात त्या गोष्टी सांगतो: प्रत्येकाला एक टॉर्च (मुलांना स्वतःची दिली की ती अंधारात एकटी पळत नाहीत), ओआरएस, तापाचं औषध आणि त्याचं वजनानुसार प्रमाण लिहिलेला कागद, डासांसाठी मलम, जुनी चादर, दोरी, पत्ते आणि कॅरम-लुडोसारखं काहीतरी, कारण संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ फार मोठा असतो. प्लास्टिकच्या पिशव्या आणि एकदाच वापरायच्या बाटल्या घरीच ठेवा. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, काही भाग तर आतच आहे. वन विभागाच्या नाक्यावर शुल्क भरावं लागतं, पावती जपून ठेवा.

दोन रात्री कशा घालवाव्यात

एका रात्रीसाठी एवढ्या लांब मुलांना नेऊ नये. पहिला दिवस प्रवासात जातो, दुसऱ्या दिवशी आवराआवर. दोन रात्री हव्यात, आणि मधला दिवस हाच खरा मुक्काम.

पहिल्या दिवशी जेवून, झोपून झाल्यावर संध्याकाळी फक्त धरणाच्या परिसरात फिरा. धरणाची मोरी उघडी असेल तर खालच्या गोलसर खडकावर पाणी छत्रीसारखं पसरतं. त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. पाणी सोडलेलं नसेल तर तिथे नुसता खडक दिसतो, मुलांना आधी सांगून ठेवा.

मधल्या दिवशी नाश्ता करून नऊच्या आत रतनवाडीकडे निघा. जलाशयाच्या कडेकडेने, मुतखेल, कोलटेंभे करत वीसेक किलोमीटर. तिथलं अमृतेश्वराचं मंदिर ही या सहलीतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि लोक दहा मिनिटांत फोटो काढून निघतात याचं वाईट वाटतं. तासभर द्या. मुलांना कामाला लावा: भिंतीवरचे प्राणी शोधा, वाद्यं वाजवणारी माणसं मोजा, खांबांवरची नक्षी कागदावर काढा. शेजारची पुष्करणी बघायला विसरू नका, तिच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. कठडा ठेंगणा आहे, लहानग्याचा हात धरूनच. मंदिरामागे रतनगड उभा आहे आणि प्रवरेचा उगम त्याच डोंगरातला. सकाळी बघितलेलं सगळं पाणी इथून सुरू होतं, हे मुलांना तिथे उभं राहून दाखवता येतं.

तिथून पुढे साम्रदमार्गे घाटघरच्या कोकणकड्यावर जाऊन जलाशयाला पूर्ण वळसा घालत शेंडीला परत येता येतं. पाऊस जोरात असेल तर घाटघर सोडा, कड्यावर धुक्याशिवाय काही दिसत नाही आणि कडेला वारा असतो. साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात बंद असते. एरवीही लहान मुलांना घेऊन आत उतरण्यासारखी नाही. तोंडापर्यंत जाऊन डोकावून या. दुपारी दोनच्या आत मुक्कामी परत, जेवण, आणि मग संध्याकाळपर्यंत काहीही करू नका. रिसॉर्टचे एवढे पैसे भरल्यावर त्याच्या सज्जात चार तास बसायला हवं की नको?

कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. बारी गावातून वाट आहे, वर लोखंडी शिड्या आहेत. दहा-बारा वर्षांवरच्या सवयीच्या मुलांना जमतं, पण त्यासाठी तिसरा दिवस हवा आणि पहाटे निघायला हवं. मुक्कामाच्या मधल्या दिवशी अर्ध्या घराने कळसूबाई करायची आणि उरलेल्यांनी वाट बघत बसायचं, अशी विभागणी करू नका. भांडणं होतात.

काजवे बघायचे असतील तर

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मोठा पाऊस सुरू होईपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लाखो काजवे लुकलुकतात. एक झाड पेटतं, मग विझतं, मग शेजारचं पेटतं. एकदोन वळवाचे पाऊस झाले की संख्या वाढते, आणि मोसमी पाऊस जोरात लागला की खेळ संपतो. अमावास्येच्या आसपासचे दिवस बघा. चांदण्यात हा उजेड फिका पडतो.

सोमवार ते गुरुवार जा. शनिवारी बारी-शेंडीच्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, तिच्या दिव्यांत काजवे दिसत नाहीत आणि त्यांचं कामही होत नाही. तो उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते. आपल्या हेडलाइटमध्ये ती हरवली की जोड्या जमत नाहीत. गाडी लांब लावा, दिवे बंद करा, फ्लॅश नको, टॉर्चवर लाल कागद लावा आणि जमिनीकडे धरा. झाड हलवायचं नाही, बाटलीत पकडायचे नाहीत, झाडाखालच्या गवतात शिरायचं नाही, कारण माद्या आणि अंडी तिथेच असतात. रात्री ठरावीक वेळेनंतर वन विभाग अभयारण्यात गाड्या सोडत नाही. त्या वर्षीची वेळ रिसॉर्टला विचारून घ्या आणि आतल्या गावात मुक्काम असेल तर त्याआधी पोचा. गावातल्या वाटाड्याला बरोबर घ्या. त्याला पैसे मिळतात आणि गर्दी नसलेलं झाड त्यालाच माहीत असतं.

जेवण आणि गाव

रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये पनीर, नूडल्स, गुलाबजाम असा शहरातलाच बेत असतो. एक जेवण तरी गावात सांगा. नागलीची भाकरी, हिरवी मिरचीचा ठेचा, हुलग्याचं शेंगोळं, गावठी कोंबडी, इंद्रायणीचा मऊ भात. सकाळीच सांगावं लागतं, ऐनवेळी चूल पेटत नाही. मुलांसाठी तिखट कमी असंही तेव्हाच सांगा. इथल्या बायका 'कमी' म्हणजे तुमच्या घरातलं जास्त समजतात.

हा भाग प्रामुख्याने महादेव कोळी समाजाचा. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातले. १८४८ मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. देशी बियाण्यांची बँक उभी करणाऱ्या, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. मुलांना हे माहीत असलं तर गावातली माणसं त्यांना रिसॉर्टची नोकरमंडळी वाटत नाहीत. शेतातून जाताना विचारून जा, भाताची खाचरं म्हणजे बाग नाही. कपडे वाळत घातलेल्या अंगणाचे, पाणी भरणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका.

निघायच्या दिवशी

खोली साधारण सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. मुंबई-नाशिककरांनी लगेच निघून घोटीला जेवावं. रविवारी दुपारी तीननंतर परतीच्या रस्त्यावर गर्दी वाढत जाते. पुणेकरांनी राजूरच्या रस्त्याला लागून वाटेत रंधा धबधबा बघावा. शेंडीपासून दहाएक किलोमीटरवर, प्रवरा तिथे खोल घळीत कोसळते. पावसाळ्यात किंवा आवर्तन चालू असताना पाणी भरपूर असतं, एरवी बारीक धार. कठड्याच्या बाहेर जायचं नाही, सेल्फीसाठी तर अजिबातच नाही. राजूरला पेढे घ्या, आणि गावात कुणाकडे काळभात किंवा नवा इंद्रायणी मिळाला तर पाच किलो गाडीत टाका. अकोले-संगमनेरपर्यंत मुलं झोपून जातात. आळेफाट्याला चहा घेऊन संध्याकाळची वाहतूक सुरू व्हायच्या आत चाकण ओलांडलंत तर सहापर्यंत घरी.